मनोहरभाऊंचा वन्समोअर

माझ्या घशात आणि मेंदूत साधारण दोन सेकंदांचं अंतर आहे. घसा पुढे, मेंदू मागे. या दोन सेकंदांत मी आजवर बरंच काही करून बसलोय. सासऱ्यांच्या साठीशांतीला ‘असे योग वारंवार येवोत’ म्हणालोय. ऑफिसच्या कॉलवर, आपण म्यूट आहोत अशा समजुतीत, मॅनेजरची नक्कल मॅनेजरलाच ऐकवलीय. पण ते सगळं हसण्यावारी निभावलं. एकदाचे दोन सेकंद मात्र निभावले नाहीत. ते मनोहरभाऊंच्या वाट्याला आले.

मनोहर डांगरे मूळचे नागपूरचे. कॅनडातल्या विंडसरला येऊन मला तीनच आठवडे झाले होते तेव्हाची गोष्ट. एप्रिल होता, तरी फुटपाथच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग उरले होते. चालायला निघालो तर एका उघड्या गराजमध्ये, पायाशी हीटर घेऊन, एक गृहस्थ खुर्चीत बसलेले. मांडीवर फळीसारखं काहीतरी, आणि त्यावरून ते लोखंडी वस्तू सावकाश मागेपुढे सरकवतायत. आत कुठेतरी रेडिओवर जुनं हिंदी गाणं लागलं होतं. मागच्या भिंतीवर मराठी कॅलेंडर दिसलं आणि माझा घसा सुटला.

‘काका, गराजमध्ये इस्त्री करताय? घरातले लाइट गेलेत का?’

त्यांनी हात थांबवला. रेडिओही थांबला. रेडिओ नव्हताच.

‘हो ना,’ ते म्हणाले. ‘आण तुझा शर्ट. लय गरज दिसून राहिली.’

ती होती लॅप स्टील. मांडीवर आडवी ठेवायची गिटार. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. नागपूरच्या ऑर्केस्ट्रांत तिला हवाइन गिटार म्हणत आणि मनोहरभाऊ कॉलेजात असल्यापासून तिच्यावर सिनेमाची गाणी वाजवत. मग विंडसरच्या मोटारींच्या कारखान्यात टूल अँड डायचं, म्हणजे साचे-हत्यारं घडवायचं, काम लागलं. तीन पाळ्या, दोन मुली, बेसमेंटचं घर, मग स्वतःचं घर. गिटार बावीस वर्षं पलंगाखाली. एकदा जेवणाच्या सुट्टीत डग नावाचा वेल्डर कंट्रीची, म्हणजे इकडच्या खेड्यापाड्यांतली, गाणी गुणगुणत होता. भाऊंनी त्याला विचारलं, ‘तुमच्या गाण्यात मागे जे रडतं ना, ते काय असतं?’ डग म्हणाला, स्टील गिटार. भाऊ म्हणाले, ‘ते माझ्या पलंगाखाली आहे.’

तेव्हापासून ते डगच्या बँडमध्ये होते. बँडचं नाव ‘डेंटेड फेंडर्स’, म्हणजे पोचे आलेले मडगार्ड. डग गायचा आणि गिटार धरायचा, मार्लीन नावाची निवृत्त शाळामास्तरीण फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायची, एक अबोल शेतकरी माणसाएवढा उभा बास धरायचा आणि मनोहरभाऊ स्टीलवर. बँड त्यांना मॅनी म्हणे. भाऊंच्या पत्नी कुंदावहिनी म्हणत, ‘घरी माणूस, तिथे मॅनी.’

भाऊंची कांडी त्यांनी स्वतः घडवली होती. कारखान्यातलं टूल स्टील, केसाच्या जाडीचाही फरक नाही अशी घासलेली. हिवाळ्यात ती ते काखेत ठेवत. ‘थंड कांडी खोटं बोलते,’ म्हणायचे. जेवताना ताटाच्या उजव्या बाजूला ठेवत, देवळात चप्पल काढून ठेवत पण कांडी खिशातच. प्रत्येक गोष्ट ते मापात सांगत. माझ्या बायकोच्या पोळ्या पाहून म्हणाले, ‘चांगल्या आहेत. पण या पोळीत आणि त्या पोळीत तीस थाऊचा फरक आहे.’ थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बायकोने त्यांना पुढे कायम भात वाढला.

त्यांचा पहिला कार्यक्रम मी ऐकला तो माजी सैनिकांच्या क्लबच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. लाकडी जमीन, व्हिनेगर घातलेल्या फ्राइजचा वास, भिंतीवर वीरांचे फोटो, आणि साठीपुढची जोडपी बूट आपटत नाचतायत. ही कंट्रीही जुन्या, मूळ वळणाची. ड्रम नाहीत, दिवे नाहीत. गाणी म्हणजे बायको गेली, कारखाना बंद पडला, ट्रक सुरू होत नाही. तीन मिनिटांत माणूस उद्ध्वस्त होतो आणि लोक त्यावर जोडीने नाचतात. जमीन अशी थरथरते की ते गाणं आधी पोटरीत चढतं, मग कानात. आणि त्या सगळ्याच्या मागून भाऊंची स्टील यायची. सूर पायऱ्यांनी चढायचा नाही, घसरत यायचा, आणि नेमक्या जागी येऊन टेकायचा.

अशाच एका जागी मी ओरडलो, ‘वाऽऽ भाऊ! क्या बात है!’

अख्खा हॉल वळला. डगने गाणं चालू ठेवूनच माइकमध्ये विचारलं, ‘मागे सगळं ठीक आहे ना, बडी? डॉक्टर बोलवू का?’

परतताना गाडीत मी माफी मागायला तोंड उघडलं, तर भाऊच म्हणाले, ‘सातारकर, तू दर रविवारी येत जा.’

‘भाऊ, तमाशा झाला हो.’

‘होऊ दे ना बे. हे लोक चांगले आहेत, पण खाली बियरकडे पाहून ऐकतात. दाद म्हणजे काय ते यांना माहीत नाही. आणि वन्समोअर तर नाहीच. शेवटी टाळ्या वाजवून एक जास्तीचं गाणं घेतात, ते निराळं. तेच गाणं, तिथंच, तसंच्या तसं पुन्हा पाहिजे म्हणून लोक अडून बसले, हे इथं मी पाहिलं नाही.’ मग तीन बोटं वर करून, ‘हिंगणघाटले गणपतीत मले एका गाण्यावर तीन भेटले होते. तीन! ऑर्केस्ट्राचा मालक म्हणायचा, पब्लिकनं वन्समोअर दिला आणि तुम्ही नाही वाजवला, तर पेटी बंद करा आन् घरी जा.’

हे वाक्य मी तेव्हा विनोद म्हणून ऐकलं.

पुढच्या वर्षी भाऊंचं वाजवणं बदललं. लांब सुरावर कांडी धरली की तो सूर असा थरथरायचा की हॉलमधल्या बायका डोळ्यांना टिश्यू लावायच्या. मार्लीन म्हणाली, ‘मॅनी, हा उदास कंप तू कुठून आणलास?’ मीही गाडीत सुरू झालो, ‘भाऊ, आजचा तो कंप! काय रियाज केलाय!’

भाऊ खिडकीबाहेर पाहत होते. नदीपलीकडे डेट्रॉइटच्या इमारती सरकत होत्या.

‘ते मी नाही करून राहिलो,’ ते म्हणाले. ‘ते होऊन राहिलं.’

त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला. हात गाडीच्या वेगाशी काही संबंध नसल्यासारखा आपला हलत होता.

कंपवात. डॉक्टरांनी सांगून चार महिने झाले होते. कुंदावहिनींशिवाय कोणाला माहीत नव्हतं. ‘आजार वाजवून राहिला आन् टाळ्या मी घेऊन राहिलो,’ भाऊ म्हणाले आणि हसले. मला हसता आलं नाही, म्हणजे पाहा.

मग त्या गराजमध्ये जे सुरू झालं त्याला मी काय नाव देऊ? भाऊंनी आजाराला बिघडलेलं मशीन समजून हातात घेतलं. टेबलाला डायल गेज लावला, म्हणजे पोलादाचा बारीकसा चढउतार मोजायची ती काटेवाली घड्याळासारखी चकती, आणि तिच्या टोकाला स्वतःची कांडी धरलेला हात टेकवला. रोज सकाळी हाताचा कंप थाऊमध्ये मोजून व्हाइटबोर्डवर लिहायचे. चाळीस. बावन्न. अठ्ठेचाळीस. मनगटाला शिशाचा पट्टा बांधून पाहिला. जड कांडी घडवून घेतली. हात गरम पाण्यात, हात थंड पाण्यात. गोळी घेतली की पाऊण तासाने चढते आणि दोन तासांत उतरते. आधी डाळ-अंडं खाल्लं तर चढतच नाही. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी कुंदावहिनी त्यांना नुसता तूपभात द्यायच्या. ‘साठी उलटलेल्या माणसाचं उष्टावण चाललंय,’ असं म्हणायच्या आणि आत निघून जायच्या.

एका सकाळी मी गेलो तर बोर्डवर आकडा नव्हता. काटा चकतीच्या टोकाला जाऊन अडकला होता. भाऊ दुसऱ्या हाताने पहिला हात टेबलावर दाबून उभे होते, सगळं वजन टाकून.

‘मशीन असतं तर बेअरिंग बदललं असतं,’ ते म्हणाले. ‘सातारकर, मले काही जन्मभर नाही पाहिजे. एक उन्हाळा पाहिजे. फक्त ऑगस्टची जत्रा.’

ऑगस्टमध्ये परगण्याची मोठी जत्रा भरते. गाई, ट्रॅक्टर, मक्याची कणसं, आणि उघड्या मैदानावरचा मंच. डेंटेड फेंडर्सना त्या वर्षी पहिल्यांदा तो मंच मिळाला होता आणि डगने भाऊंची स्वतःची एक धून कार्यक्रमात घेतली होती. ‘अंबाझरी वॉल्ट्झ.’ नागपूरच्या अंबाझरी तलावावर सायकल घेऊन बसायचे दिवस तीन-तीनच्या ठेक्यात बांधलेले. डग त्याला ‘अँबा-जेरी’ म्हणायचा. बावीस वर्षं पलंगाखाली राहिलेल्या माणसाला हजार माणसांपुढे स्वतःचं काहीतरी वाजवायचं होतं. एवढंच.

पण तोवर उजवा हातही मंद व्हायला लागला होता. थरथर सुरात खपत होती. चुकलेला ठेका खपेना. मे महिन्यात डग भाऊंच्या गराजमध्ये आला. मी तिथेच स्टुलावर होतो. डग हॅट हातात घेऊन बोलला, म्हणजे वाईट बोलायचं होतं.

‘मॅनी, तुझं लक्ष लागत नाहीये. चॅटमला एक डेंटिस्ट आहे, स्टील छान वाजवतो. मला जत्रेत तूच हवायस. पण मला खात्री पाहिजे. येत्या रविवारी हॉलमध्ये वॉल्ट्झ स्वच्छ वाजव. एकदा. मग मी कोणाचं ऐकणार नाही.’

‘एकदा,’ भाऊ म्हणाले.

डग गेल्यावर मी म्हटलं, ‘सांगून टाका ना त्याला. भला माणूस आहे.’

‘भला आहे म्हणूनच नाही सांगत. मग तो मले दयेनं नेईल. भैताड आहेस का बे?’

आता माझं कर्तृत्व. मला वाटलं, रविवारी भाऊंच्या मागे आपली माणसं उभी पाहिजेत. मी महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर असा काही मेसेज टाकला की चोवीस जण तयार झाले. गोळीच्या वेळेची जबाबदारीही माझ्याच फोनवर होती. कार्यक्रम अडीचला, वॉल्ट्झ सहावं, म्हणजे साधारण तीनला. गोळी पावणेदोनला. पावणेचारपर्यंत हात भाऊंचा, पुढे आजाराचा. हिशोब चोख होता.

फक्त त्या हिशोबात आमचं मंडळ नव्हतं. अडीचला आमच्यातले चार जण आले होते. बाकीचे कोणी बाळाची बाटली विसरून परत गेलेले, कोणी दुसऱ्याच क्लबच्या हॉलमध्ये जाऊन बसलेले. अर्ध्या खुर्च्या आमच्या नावाच्या, म्हणून डग सभ्यपणे थांबला. तीन वाजून पाच मिनिटांनी सुरुवात झाली. पाचव्या गाण्यानंतर क्लबच्या रिवाजाप्रमाणे मांसाची सोडत. तिकिटाचा नंबर लागला की मांसाचं पार्सल मिळतं. नंबर लागला आमच्या लिमयेकाकूंना. सहा पौंड बेकन. काकूंनी ते दोन बोटांनीही धरायला नकार दिला, ‘बदलून भाजी देतात का?’ असं माइकवर विचारलं, आणि हॉल हसून हसून लोळला. मीही हसलो. मग घड्याळ पाहिलं. पावणेचार.

भाऊ मंचावर खुर्चीत बसले होते. त्यांनी मला डोळ्यांनी विचारलं. मी बोटांनी वेळ दाखवली. दुसरी गोळी चढेपर्यंत कार्यक्रमच संपला असता. त्यांनी कांडी काखेतून काढली.

त्यांनी अंबाझरी वॉल्ट्झ वाजवली तशी मी आधी ऐकली नव्हती. पहिला सूर पाण्यावर ठेवल्यासारखा आला. मार्लीनने फिडल खाली घेतलं, नुसतं पाहत राहिली. एक म्हातारं जोडपं नाचता नाचता उभंच राहिलं. भाऊंच्या कपाळावर घाम होता आणि डगचे डोळे त्यांच्या उजव्या हातावर. शेवटच्या ओळीत लांब सूर आहे, वर जाऊन थांबायचा. भाऊ तिथे गेले, थांबले, आणि खाली आले. एकही ठेका चुकला नाही. डगने त्यांच्याकडे पाहून हॅटला बोट लावलं. जत्रा ठरली.

आणि मी ओरडलो, ‘वन्समोअर!’

मला गोळी माहीत होती. घड्याळ माझ्याच मनगटावर होतं. जगात हे माहीत असलेला, वहिनी सोडून, मी एकटा माणूस होतो. पण घसा पुढे गेला. आणि आमच्या चोवीस जणांना तर काही माहीतच नव्हतं. त्यांनी टेबलं वाजवायला सुरुवात केली. ‘वन्स-मोअर! वन्स-मोअर!’ बियर पिणारी जोडपीही मजा वाटून त्यात सामील झाली. दोन सेकंदांनी माझा मेंदू पोचला. मी दोन्ही हात हलवून नको नको करत होतो. लोकांना वाटलं मी ताल देतोय.

डगने खांदे उडवले. ‘मॅनी? पुन्हा?’

भाऊ नाही म्हणू शकले असते. एक मान हलवायची होती. त्यांनी हॉलकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या चेहऱ्यावर राग असता तर मला आयुष्य सोपं गेलं असतं. हिंगणघाटच्या मांडवातलं पोरगं होतं त्या चेहऱ्यावर. त्यांनी मान डोलावली.

पहिल्या ओळीला उजवा हात अर्धा ठेका मागे पडला. दुसऱ्या ओळीला पूर्ण. भाऊंनी दात आवळले. लांब सुराच्या आधी डावा हात वर सरकला आणि जागेवर थांबेना. तारांवर कांडी खडखड वाजली आणि सुटली. लाकडी मंचावर पडली, घरंगळत कडेपर्यंत आली, खाली पडली आणि नाचायच्या मोकळ्या जमिनीवरून सरळ माझ्या खुर्चीपर्यंत आली. एवढी घासलेली वस्तू. कुठे अडखळलीसुद्धा नाही.

मार्लीनने फिडल उचललं आणि उरलेली धून पुरी केली. मी कांडी घेऊन मंचावर गेलो. ती अजून गरम होती. भाऊंच्या तळहातावर ठेवली, पण बोटं मिटेनात. मी माझ्या हाताने मिटवली.

आमच्या मंडळाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. लिमयेकाकू म्हणाल्या, ‘किती छान सावरून घेतलं नाही!’

पार्किंगमध्ये डग ट्रकला टेकून उभा होता. ‘किती दिवस झाले, मॅनी?’

‘वर्ष होऊन गेलं.’

‘सांगायचं होतंस.’

‘मग तू मला उचलून नेलं असतंस.’

‘नेलं असतं,’ डग म्हणाला. मग म्हणाला, जत्रेत मंचावर बस, डफली धर. भाऊ म्हणाले, ‘मी टूलमेकर आहे, डग. खराब झालेला पार्ट मी कधी लाइनवर पाठवला नाही.’ डगने हॅट काढून ट्रकच्या टपावर ठेवली आणि तो रडला. भाऊंनीच त्याच्या पाठीवर थोपटलं; त्या हाताला थोपटण्यासाठी काही करावं लागत नव्हतं.

गाडीत मी म्हटलं, ‘भाऊ, मला दोन शिव्या तरी द्या.’

‘काऊन?’ ते म्हणाले. ‘कॅनडात मले वन्समोअर भेटला. तू दिला.’ आणि मग बाहेर पाहत, अगदी हळू, ‘पण एक उन्हाळा पाहिजे होता बे.’

ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात आजही एकमेकांशेजारी बसायला तयार नाहीत.

गराज रिकामं व्हायला लागलं. भाऊ-वहिनींचं जिन्याच्या घरातून मुलीकडे मिल्टनला राहायला जायचं ठरलं. सामान ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हलायचं होतं. जाण्याआधी भाऊ म्हणाले, ‘जत्रेले घेऊन चाल.’ मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथे.

पहिल्या रांगेत गवतावर दोन घडीच्या खुर्च्या टाकल्या. ऊन होतं, गाईंचा आणि तळलेल्या पिठाचा वास होता. डेंटिस्ट पन्नाशीचा, नीटनेटका, दातांसारखाच. त्याने भाऊंना वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि ‘अँबा-जेरी’ वाजवायला घेतली. स्वच्छ वाजवली. एका थाऊचा फरक नाही. हजारेक माणसं टाळ्या वाजवत होती आणि मी दोन्ही ओठ आत ओढून बसलो होतो.

भाऊंनी मला कोपर मारलं. त्यांचा आवाज तोवर आजाराने इतका बारीक केला होता की कान न्यावा लागे.

‘ओरड.’

‘भाऊ, मी नाही ओरडणार. आता कधीच नाही.’

‘ओरड बे, भैताड. माझा आवाज पोचत नाही.’

मी उभा राहिलो. त्या दिवशी पहिल्यांदा माझा मेंदू घशाच्या पुढे होता, म्हणून आवाज फाटला. पण पोचला. डगने मंचावरून मला पाहिलं, मग माझ्या शेजारी पाहिलं, आणि डेंटिस्टला खूण केली.

वॉल्ट्झ पुन्हा सुरू झाली. भाऊंनी खिशातून कांडी काढली आणि पँटच्या मांडीवर आडवी धरली. ओळीमागून ओळ ती सरकत होती; मंचावरची कांडी जाईल तिथे ही जात होती. शेवटचा लांब सूर आला. डेंटिस्टचा सूर वर गेला आणि सरळ, निष्कंप उभा राहिला.

थरथर फक्त माझ्या शेजारच्या खुर्चीत होती.